पाखराची टीचर

एनेलेसी आमच्या अध्यापक विद्यालयात आली ती आईचा हात धरून. वीस वर्षांची मुलगी, पण आईने हात सोडला नव्हता. खाट दाखवली, ट्रंक ठेवायची जागा दाखवली, तरी आई दारातच उभी. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाली, "मेट्रन, मी हिला रोज शाळेत पोचवलंय आणि रोज घरी आणलंय. पावसात, तापात, धाकटा पोटात असताना. आता माझ्याच्यानं होत नाही. आता तुमच्याकडे."

मी म्हटलं, जा तुम्ही निर्धास्त, इथं कुंपण आहे.

एनेलेसी जन्मतःच रंगावाचून आलेली. आईबाप आम्हा सगळ्यांसारखे काळे, आणि हिची कातडी सोललेल्या कसाव्यासारखी, केस मक्याच्या कणसाच्या केसांसारखे. डोळे सारखे थरथरायचे. फळ्यावरचं वाचायला फळ्याला नाक लावावं लागायचं. उन्हात थोडा वेळ उभी राहिली तरी गाल भाजून निघायचे, म्हणून ताटाएवढी टोपी. पण हे सगळं सोसण्यासारखं होतं. आमच्या मलावीत, त्यातून दक्षिणेला, अशा माणसांच्या हाडांत नशीब असतं असं सांगणारे वैदू आहेत, आणि ते ऐकून घेणारी गिऱ्हाइकंही आहेत. म्हणून अशी मुलं जन्माला आली की लोक त्यांना घरात कोंडतात. एनेलेसीच्या आईने कोंडलं नाही. ती बरोबर चालली.

वसतिगृहात मुली मला अमायी म्हणतात. आईच्या वयाच्या बाईला आमच्याकडे तसंच म्हणतात. पहिले काही दिवस एनेलेसी मला अमायीसुद्धा म्हणेना. काही विचारलं की मान हलवायची. मग एका संध्याकाळी स्वयंपाकघरामागे मुलींचा घोळका हसताना दिसला, म्हणून मी डोकावले. ही मधे बसून आमच्या प्राचार्यांचा आवाज काढत होती. त्यांचा खोकला, त्यांचं "या ठिकाणी", सगळं हुबेहूब. मला बघून थांबली. मी म्हटलं, थांबलीस का, आता माझा काढ. तिने काढला. मला तो मुळीच आवडला नाही, इतका जमला होता.

दुसऱ्या वर्षी आमच्या अध्यापकांपैकी माकविंजा सरांनी डिझाइन चॅलेंज नावाच्या स्पर्धेचं पत्रक आणलं. राजधानीतून सगळ्या अध्यापक विद्यालयांना आलं होतं. तिघातिघांचे गट करायचे. जिथे एका पुस्तकात सगळा बाक डोकावतो, अशा खेड्यातल्या दुसरीच्या वर्गासाठी एक धडा तयार करायचा. चित्र, आवाज, फिल्म, काय वाटेल ते वापरा, पण हाताशी असेल त्या सामानातून. अट एकच, की कुणी एकट्याने काही ठरवायचं नाही. एकाने केलेलं दुसऱ्याने तपासायचं, तिसऱ्याने बदलायचं, मग खऱ्या मुलांपुढे नेऊन बघायचं, आणि फसलं की पुन्हा पहिल्यापासून. शिक्षक भाषणं ऐकून घडत नाही, असं हात घालूनच घडतो, असं सरांचं म्हणणं. माणूस हुशार. विद्यार्थ्यांवर जीवही होता. आणि जिंकायची हौस त्याहून थोडी जास्त.

एनेलेसीच्या गटात तियामिके आणि गनिझानी. तियामिके पोलीस हवालदाराची मुलगी, तोंडाने फटकळ, हातात कागद घेऊन चालायची तीच मुळी हुकूम सोडल्यासारखी. गनिझानी सरोवराकाठचा, घरचा धंदा टोपल्या विणण्याचा. बोलायचा कमी, पण हाताला काही दिलं की त्याचं काहीतरी करून ठेवायचा. वीज दिवसाचा अर्धा वेळ नसायची, आणि आली की पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या बाजूला यायची, म्हणून त्यांनी माझ्याकडे कोठीची खोली मागितली. त्यामुळे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

धडा अक्षरांच्या आवाजांचा. एक पाखरू आपली हाक विसरतं आणि ती शोधत निघतं. शेळी त्याला एक आवाज देते, बेडूक दुसरा, बोटीवरचा कोळी तिसरा, आणि शेवटी सगळे जोडून त्याची हाक तयार होते. गोष्ट तियामिकेने लिहिली. गनिझानीने साबणाच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून बाहुल्या केल्या, त्यांना टोपलीच्या काड्या लावल्या. कॉलेजचा एक टॅबलेट होता, त्यावर चित्रण. आणि सगळे आवाज एनेलेसीचे.

मी भाजी निवडत बसायचे तेव्हा त्यांची भांडणं कानावर यायची.

"हे पाखरू आहे की सायकलखाली आलेली कोंबडी?" तियामिके म्हणायची.

"तू लिहिलंस ना उपाशी आहे म्हणून. उपाशी असंच दिसतं."

"उपाशी म्हटलं होतं, मेलेलं नाही."

मग एनेलेसी मेलेल्या कोंबडीचा आवाज काढायची, आणि तिघंही हसत सुटायची. त्या मुलीला वर्गमित्र असे पहिल्यांदाच मिळाले होते. तिच्या जेवणाच्या ताटात मी न्सिमाचा, मक्याच्या पिठाच्या उकडीचा, एक गोळा जास्त टाकायचे. आधी परत यायचा, आता संपायला लागला.

शेजारच्या सरावशाळेत त्यांनी धडा दाखवला तेव्हा मीही गेले होते. पोरं सुरुवातीला गप्प बसली. मग हळूहळू चुळबुळ. मग पुढच्या रांगेतली दोनतीन उठली आणि टॅबलेटच्या मागे जाऊन बघायला लागली. गनिझानीने विचारलं, काय शोधताय रे? एक मुलगी म्हणाली, बोलणारी बाई.

परत आल्यावर तिघांत खल सुरू झाला. मुलांना नुसता आवाज पुरत नव्हता. आवाज करताना तोंड कसं होतं, ओठ कधी मिटतात, जीभ कुठे लागते, हे दिसायला हवं होतं. म्हणजे चेहरा हवा. तियामिके म्हणाली, माझा घ्या. घेऊन पाहिला. आवाज एनेलेसीचा आणि ओठ तियामिकेचे, ते काही जमेना. आणि स्वतःच्या आवाजात तियामिकेचं पाखरू हवालदारासारखं बोलायला लागलं. माकविंजा सर येऊन बघून गेले. जाताना एवढंच म्हणाले, की एनेलेसीचा चेहरा असला तर या धड्यातून मुलं अक्षरांपेक्षा जास्त काहीतरी शिकतील. मग घाईने म्हणाले, अर्थात, ठरवायचं तुम्ही.

गनिझानी विरुद्ध होता. "चेहरा एकदा फोनमध्ये गेला की कुठे कुठे फिरेल ते आपल्या हातात नाही," तो म्हणाला. मीही तेच म्हटलं. विचारलं कुणी नव्हतं, तरी म्हटलं.

एनेलेसी बराच वेळ बाहुलीची काडी फिरवत राहिली. मग म्हणाली, "अमायी, लहानपणी बाजारातून जाताना लोक मला 'पैसा' म्हणून हाक मारायचे. ए पैसा, इकडे बघ. आईला वाटायचं मला अर्थ कळत नाही. त्या लोकांनाही कधीतरी कुणीतरी शिकवलंच असेल ना, दुसरीत? तेव्हा त्यांनी फळ्यापाशी माझ्यासारखं कुणी पाहिलं असतं तर?" आणि गनिझानीकडे वळून, "मी बसणार आहे. तू पाखरू माझ्या खांद्यावर ठेव."

तिने स्वतः ठरवलं. पुढे पुष्कळ लोक पुष्कळ बोलले, म्हणून सांगते.

खोलीच्या सावलीत बसवून, टोपी काढून, त्यांनी तिला चित्रित केलं. उजेड जास्त झाला की तिचे डोळे मिटायचे, कमी झाला की टॅबलेटला दिसायचं नाही. गनिझानीने पिठाची पांढरी पोती ताणून उजेड वळवला. सुरुवातीला तियामिके तिला म्हणत होती, डोळे स्थिर ठेव. ती म्हणाली, ते माझं ऐकत नाहीत. मग त्यांनी पाखराचंच डोकं तसं हलतं केलं, आणि ते इतकं छान दिसलं की तेच राहिलं.

स्पर्धेच्या विभागीय फेरीत धडा पहिला आला. आमच्या भागातल्या सगळ्या शाळांना मेमरी कार्डात भरून दिला. आणि मग तो शाळांपुरता राहिला नाही. बाजारगावात फोन चार्ज करून देणारी, गाणी भरून देणारी दुकानं असतात. त्यांनी तो गाण्यांबरोबर भरायला सुरुवात केली. आया पोरांना गप्प करायला फोनवर तोच लावायच्या. एनेलेसी फाटकाबाहेर पडली की सायकलवरून जाणारी पोरं ओरडायची, "पाखराची टीचर!" ती पहिल्यांदा दचकली. आयुष्यभर रस्त्यावरच्या हाकेला दचकायची सवय. मग तिने थांबून त्यांना बेडकाचा आवाज काढून दाखवला.

त्याच आठवड्यात एक माणूस फाटकावर येऊन, ती फिल्ममधली पांढरी मुलगी कोणत्या गावची, म्हणून विचारून गेला. कदाचित नुसतंच विचारलं असेल. प्राचार्यांनी दुसरा पहारेकरी ठेवला.

पुढच्या सत्रात विद्यार्थ्यांना खेड्यांतल्या शाळांवर शिकवायला पाठवतात. एनेलेसीला सरोवराच्या बाजूचं नामवेरा गाव मिळालं. गनिझानीने अर्ज करून स्वतःची शाळा बदलून घेतली आणि तोही तिथेच गेला. ती मुख्याध्यापकांच्या घरात राहायची. शाळेत जाताना बरोबर मुख्याध्यापकांची बायको, येताना गनिझानी. शनिवारी ती मला फोन करायची. वर्गात किती पोरं, ते तिला नीट दिसतही नव्हतं म्हणे. पण पाठ ऐकून कोण गप्प आहे ते कळायचं.

एका सोमवारी शाळेच्या व्हरांड्यात एक बाई आली, मागिरेटा नावाची. बरोबर तिचा भाऊ, लायटन. आमच्याकडे बहिणीच्या मुलांचा पालक म्हणजे मामाच. बाप आला गेला, मामाचा शब्द शेवटचा. लायटनच्या सायकलच्या मागच्या बैठकीवर, बायका कमरेला नेसतात त्या चितेंजेच्या कापडात गुंडाळलेलं एक मूल होतं. कापड सोडलं, तर आत एनेलेसी. म्हणजे सात-आठ वर्षांची एनेलेसी. तोच रंग, तेच केस, उजेडात मिटणारे तेच डोळे. नाव पिलिरानी. गावातल्या निम्म्या लोकांना ती असल्याचं ठाऊकही नव्हतं.

बोलला तो मामाच. बाजारात फिल्म पाहिली म्हणाला. बहिणीला नेऊन दाखवली. तिला सांगितलं, हे बघ, अशा मुलीची टीचर होते, आणि आपण हिला कणगीमागे लपवून ठेवलीय. मागिरेटाने पोरीचा हात सोडला नव्हता. एनेलेसीने मला फोनवर सांगितलं, अमायी, तो हात बघून मला आईची इतकी आठवण आली.

लायटन मुलीला रोज सकाळी सायकलवरून आणून सोडायचा आणि दुपारी घेऊन जायचा. एक दिवस चुकला नाही. येताना कधी पिकलेला आंबा, कधी भाजलेलं कणीस टीचरसाठी.

पिलिरानीने तोवर अक्षर म्हणून काही पाहिलंच नव्हतं. फिल्ममधली अक्षरं तिला दिसेनात. फोन डोळ्याला लावला तरी दिसेनात. एनेलेसीला याचा फार राग आला, स्वतःचाच. म्हणाली, माझ्यासारख्या मुलांसाठी म्हणून चेहरा दाखवला आणि अक्षरं ठेवली डोळसांच्या मापाची. तिने आणि गनिझानीने शनिवारी बसून तो भाग नव्याने केला. अक्षरं पडदाभर, काळ्यावर पिवळी, आणि प्रत्येक अक्षर पुठ्ठ्याचं कापून हातात द्यायचं, म्हणजे बोटांनीही वाचता येईल. तियामिके तिच्या गावाहून फोनवरून भांडत होती, की काळ्यावर पिवळं म्हणजे रस्त्याची पाटी वाटते. पण नवीन भाग झाला, आणि आधीच्यापेक्षा चांगला झाला. माकविंजा सरांनी तो राजधानीच्या शेवटच्या फेरीसाठी ठेवून दिला. पिलिरानी पुढच्या रांगेत टीचरच्या पायाशी बसायची, टोपी घालून. टोपी एनेलेसीनेच शिवलेली. पहिला महिना ती बोलली नाही. मग एक दिवस बेडकाच्या आवाजाला अख्ख्या वर्गाच्या आधी तिने आवाज दिला, आणि वर्ग हसला, आणि ती रडली नाही.

मार्चमध्ये, मका डोक्याच्या वर गेलेला असताना, एका दुपारी लायटन नेहमीसारखा आला. पिलिरानी मागे बसली. एनेलेसीने तिची टोपी नीट केली. सायकल मक्याच्या वाटेने वळली. तीन वाजता मागिरेटा शाळेत आली आणि विचारलं, आज शाळा उशिरा सुटतेय का?

गाव बाहेर पडलं. पुरुष काठ्या घेऊन मक्यातून गेले, गनिझानी त्यांच्यात. लायटन संध्याकाळी आपण होऊन परत आला. शर्ट फाटलेला, कपाळावर जखम. म्हणाला, चौघांनी अडवलं, मला मारलं, पोरीला ओढून नेलं. रडत होता. बहिणीच्या पाया पडला. दोन दिवस तोही शोधणाऱ्यांबरोबर फिरला, सगळ्यांच्या पुढे. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याच्या जखमेकडे जरा नीट बघितलं.

पिलिरानी सरोवराच्या काठी लव्हाळ्यात सापडली. गनिझानी तिथे होता. त्याने काय पाहिलं ते मी त्याला विचारलं नाही, आणि त्याने सांगितलं नाही. पुरण्यापुरतं होतं, एवढंच म्हणाला.

लायटनने नंतर कबूल केलं. आणखी दोघे होते. एक सापडला, एक सीमा ओलांडून मोझांबिकमध्ये गेला तो गेलाच. पण एक गोष्ट कुणालाच उलगडली नाही. बहिणीला फिल्म दाखवून, भाचीला घराबाहेर काढ म्हणणारा हाच. तेव्हाच त्याच्या मनात होतं का? कोर्टात त्याला विचारलं. तो म्हणाला, नाही, तेव्हा खरंच वाटत होतं की पोरीने शिकावं. रोज सायकलवरून नेताना लोक बघायचे, मग कुणीतरी येऊन पैशांचं बोललं, मग पुन्हा बोललं. मी तिथे बसले होते. तो खोटं बोलत असावा असं मला वाटलं नाही, आणि त्याने माझ्या अंगावर जास्त काटा आला.

पोलिसांनी एनेलेसीला गाडीत घालून कॉलेजात आणून सोडलं. ती खोलीत गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मी न्सिमा न्यायचे आणि परत आणायचे. तिची आई आली, तिच्या पायाशी बसून राहिली.

राजधानीची फेरी तोंडावर आली होती. माकविंजा सर मला म्हणाले, गटाला एकदा भेटू दे. मी कोठीची खोली उघडून दिली. तियामिके आली होती, गनिझानी आला होता. एनेलेसी आली, पण दाराजवळच बसली. मी चहाचं निमित्त करून आत थांबले.

सर खूप सावकाश बोलले. जे झालं त्याचं दुःख सगळ्यांना आहे. पण म्हणूनच हा धडा लोकांपुढे जायला हवा. आणि धड्याच्या शेवटी, जर एनेलेसीची हरकत नसेल तर, पिलिरानीचा एक फोटो. नुसता फोटो, खाली नाव. बघणारा विसरणार नाही.

मग तियामिके म्हणाली, "सर बरोबर सांगतायत. नाहीतर ती कशासाठी गेली?"

"कशासाठीही गेली नाही," एनेलेसी म्हणाली. "तिला मारलं. त्यात कसलाही 'साठी' नाही."

"पण आपण गप्प बसलो तर ते जिंकले ना? तूच म्हणाली होतीस, मुलांनी बघायला पाहिजे म्हणून."

"म्हणाले होते. मला वाटलं होतं, बघितलं की माणूस बदलतो. त्याने बघितलं होतं, तियामिके. बाकी कुणीही बघितलं नसेल इतक्या वेळा त्याने बघितलं होतं."

सर म्हणाले, एका माणसावरून असा निष्कर्ष काढणं बरोबर नाही. ज्या शेकडो मुलांनी बघितलं त्यांचं काय? ते खोटं नव्हतं. एनेलेसीनेही खोटं म्हटलं नाही. ती म्हणाली, "सर, तुम्ही नियम सांगितला होता, की कुणी एकट्याने ठरवायचं नाही. फोटोचं मला विचारताय. पिलिरानीला कोण विचारणार?"

गनिझानी उठला, बाहुल्यांचं खोकं उचललं आणि म्हणाला, माझी सही नाही. एनेलेसी म्हणाली, माझीही नाही. तिघांच्या सह्यांशिवाय धडा जाऊ शकत नव्हता. तियामिके रडत बाहेर गेली. तीही वाईट मुलगी नव्हती. वर्षभराचं काम होतं तिचं, आणि ते मागे घेणाऱ्या मैत्रिणीपुढे तिला नीट चिडताही येत नव्हतं.

मग एनेलेसीने बाजारगावातली दुकानं धरली. मी बरोबर गेले, पहारेकरीही. प्रत्येक दुकानात ती टोपी काढायची, म्हणजे ओळख पटावी, आणि म्हणायची, तो धडा काढून टाका. पहिल्या दुकानातल्या पोराने तिच्यासमोर काढला. दुसऱ्याने काढला. तिसरा म्हणाला, टीचर, काढतो, पण आता तो गावोगाव फोनमध्ये आहे, तो कसा काढणार? आम्ही बोलत होतो तेवढ्यात बाहेर सायकलटॅक्सीवर बसलेल्या एका बाईच्या मांडीवरचं मूल फोनमधल्या बेडकाला ओ देत होतं. एनेलेसी ते ऐकत उभी राहिली. मग टोपी घातली आणि म्हणाली, चला अमायी.

पावसाळा संपून रात्री गार व्हायला लागल्या तेव्हा ती म्हणाली, मला मागिरेटाकडे जायचंय. मी नको म्हटलं. तिच्या आईनेही नको म्हटलं. शेवटी मीच तिला घेऊन गेले, कॉलेजच्या गाडीतून.

मागिरेटा अंगणात पीठ चाळत होती. आम्हाला चटई टाकली, पाणी दिलं. डोकं कापडाने बांधलेलं. आम्ही बसलो. मी रीतीप्रमाणे दुःखाचे चार शब्द बोलले. मागिरेटा चाळत राहिली. मग चाळण बाजूला ठेवून, एनेलेसीकडे न बघता बोलायला लागली.

"टीचर, लोक माझ्याकडे येऊन तुमच्याबद्दल वाईट बोलतात. मी त्यांना हाकलते. पोलिसांनाही सांगितलं, टीचरचा काही दोष नाही. तो माझा भाऊ. फिल्म नसती तरी तो माझा भाऊच असता, माझ्याच घरात जेवला असता."

एनेलेसी म्हणाली, "मी तिची टोपी नीट केली होती. त्याच्या सायकलवर मीच बसवली."

"आणि मी रोज सकाळी बसवायची," मागिरेटा म्हणाली. "मग आता काय, आपण दोघींनी ते वाटून घ्यायचं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. थकवा होता. मग पहिल्यांदा तिने मान वर करून एनेलेसीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली.

"तुम्ही आलात, बरं केलंत. पण आता परत येऊ नका, टीचर. ती मोठी झाली असती तर कशी दिसली असती, ते मला माहीत नव्हतं. माहीत नसतं तर बरं झालं असतं. तुम्ही अंगणात आलात आणि मला ती दिसली. मोठी झालेली, काखेत वही मारलेली. एवढं मला दर वेळी नाही सोसणार."

एनेलेसीने मान हलवली. उठताना तिने आमच्या रीतीने गुडघे टेकून निरोप घेतला. मागिरेटाने तिच्या डोक्याला हात लावला, लगेच काढून घेतला, आणि चाळण ओढली. गाडीत बसल्यावर मी एनेलेसीचा हात धरला. कॉलेज येईपर्यंत मीही सोडला नाही, तिनेही सोडला नाही.

लायटनला जन्मठेप झाली. गाव म्हणालं, बरं झालं. मागिरेटा पुढच्या पेरणीच्या आधी गाव सोडून बहिणीकडे गेली. गनिझानी शिक्षक झाल्यावर त्याने स्वतःहून नामवेराची शाळा मागून घेतली. लोकांना वाटलं, हा वेडा आहे. तो अजून तिथेच आहे. तियामिके राजधानीत गेली, पाठ्यपुस्तकांच्या कचेरीत. वर्षभराने तिने एनेलेसीला फोन केला. काय बोलल्या ते मला माहीत नाही, पण आता बोलतात. माकविंजा सर पुढच्या वर्षी दुसऱ्या गटाला घेऊन गेले आणि तिसरे आले.

एनेलेसी आता शहरातल्या एका शाळेत दुसरीला शिकवते. शाळेला भिंत आहे. चार वर्षांत तिच्या वर्गात तिच्यासारखी दोन मुलं आली. अधूनमधून कुणी आई अशा मुलाला कापडात गुंडाळून तिच्याकडे घेऊन येते आणि विचारते, घालू का शाळेत? पूर्वीची एनेलेसी पटकन हो म्हणाली असती. आता ती आधी विचारते, आणणार कोण, नेणार कोण. घरात कोण कोण राहतं. कोण हल्ली नवीन यायला लागलंय. मग एखाद्या रविवारी ती त्यांच्या घरी जाते, चटईवर बसते, सगळ्यांशी बोलते, मामांशी जरा जास्त वेळ. परत येऊन त्या बाईला उत्तर देते. बहुतेक वेळा हो म्हणते. प्रत्येक वेळी नाही.